तीनकोनी

वहिनीला रागारागाने खोलीबाहेर जायचं होतं. ती दारापर्यंत गेली, दार उघडलंही. पण जाता जाता एक वाक्य सुनावायचं राहून गेलं होतं. म्हणून ती वळली, वाक्य सुनावलं, आणि त्याला जरा जोर यावा म्हणून दार धाडकन आपटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण अजून आतच आहोत. दारापलीकडे काहीतरी खणकन पडलं, थोडं घरंगळलं आणि शांत झालं.

वाक्य होतं, "ज्या घरात पाहुण्याला 'बसा' म्हणताना माझ्या छातीत धडधडतं, त्या घरात यापुढे एक खिळासुद्धा राहता कामा नये."

तसा खिळा राहिला नव्हताच. आप्पांच्या खोलीतला, म्हणजे घरात सगळे जिला 'कारखाना' म्हणत त्या खोलीतला ऐवज सकाळीच ट्रंकांत भरून पॅसेजमध्ये रांगेने लावून ठेवला होता. आप्पांनी आयुष्यात कवळ्या बनवल्या, छत्र्या दुरुस्त केल्या, पुस्तकं बांधली, सिनेमाचं मशीन चालवलं आणि शेवटची बरीच वर्षं नाक्यावर घड्याळाचं दुकान चालवलं. दर वेळी धंदा सोडला, पण हत्यारं सोडली नाहीत. ती घरी आली आणि त्यांच्यासाठी घरातल्या माणसांना सरकून बसावं लागलं. आता दुपारी टेम्पो येणार होता आणि सगळं मास्तरांच्या शाळेत जाणार होतं. मास्तर म्हणजे या घरचे जावई. मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवायच्या शाळेत ते शिकवत, आणि तिथे मुलं फार आणि हत्यारं थोडी अशी स्थिती होती. तेव्हा यात वावगं काही नव्हतं. प्रश्न एवढाच उरला होता की ही वेळ आली ती कुणामुळे, आणि तेवढं ठरवायला सगळे बाहेरच्या खोलीत जमले होते.

वहिनीच्या मते ते ठरलेलंच होतं. ती नाटकांचे, गाण्याच्या कार्यक्रमांचे कपडे शिवायची. मागच्या आठवड्यात तिच्या सगळ्यात मानाच्या गिऱ्हाईक, त्या गाणाऱ्या बाई, मापं द्यायला आल्या, आप्पांच्या हाताखालून गेलेल्या खुर्चीवर बसल्या आणि खुर्चीचा पाय निघून आला. पडता पडता बाईंनी जो सूर लावला तो त्यांच्या कुठल्याही कार्यक्रमात कुणी ऐकला नव्हता. तेव्हापासून त्यांचा निरोप नाही.

यावर आप्पांनी वाद घातला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण ते मोडक्या खुर्चीकडे बघत एवढंच म्हणाले होते, "कंटाळा आला मला. न्या सगळं." भांडायच्या तयारीने आलेल्या माणसांना भांडायला समोर कुणी मिळालं नाही, म्हणून ती आता आपसात भांडत होती.

"दादा, दार उघड रे. गुदमरायला होतंय," चिमटी म्हणाली. चिमटी ही आप्पांची धाकटी लेक, मास्तरांची बायको, दातांची डॉक्टर. लहानपणी ती पडलेला दाणासुद्धा चिमट्याने उचलायची, तेव्हापासून तिचे पेशंट सोडले तर सगळे तिला चिमटीच म्हणत.

"तूच उघड. मी बसलोय."

"बसलायस तर ऊठ."

"माझी पाठ धरलीय," दादा म्हणाला. वहिनीचा हा नवरा सोफ्यावर कधी नव्हे इतका ताठ बसला होता, आणि उकाड्याच्या दिवसांत त्याने स्वेटर घातला होता.

शेवटी मास्तर उठले. त्यांनी मूठ फिरवली. मूठ फिरली, आणखी फिरली, आणि आपला दाराशी काही संबंध नसल्यासारखी फिरतच राहिली. कुलपं उघडायला शिकवणाऱ्या माणसाने सासुरवाडीच्या बैठकीत दार उघडता न येणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ती उलटीही फिरवून पाहिली.

"पलीकडची मूठ पडली," आप्पा आपल्या जागेवरून न हलता म्हणाले. "तिच्याबरोबर मधली सळई गेली. आता ही नुसती शोभेची."

"मग?" वहिनीने विचारलं.

"मग काही नाही. ही मूठ आणि तिच्याखालची पट्टी काढायची, आत चौकोनी भोक दिसेल, त्यात काहीतरी घालून फिरवायचं. चुटकीसरशी होतं."

"मग काढा की आप्पा."

"कशाने?" आप्पांनी विचारलं.

कशाने ते सगळ्यांना माहीत होतं. दादा नऊ वर्षांचा असताना त्याने लोणी लावायच्या सुरीने रेडिओ उघडला होता आणि तो रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही. त्यानंतर आप्पांनी घरातला एकूण एक स्क्रू बदलला. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतः तीन कोनांची खाच पाडली आणि त्या खाचेत बसणारा एकच पेचकस घडवला. हेतू हा की ज्याला त्याला घरातल्या वस्तूंशी चाळे करता येऊ नयेत. हेतू इतका सफल झाला की त्या पेचकसावाचून या घरात कुणाला शेगडीचं बटणही बदलता येत नसे. त्याला घरात 'तीनकोनी' म्हणत, आणि ती आता पॅसेजमधल्या कुठल्यातरी ट्रंकेत असणार होती.

"म्हणजे," चिमटी सावकाश म्हणाली, "जगातली सगळी हत्यारं दाराच्या त्या बाजूला आहेत आणि आपण या बाजूला."

"आणि पुढचं दार?" वहिनीने विचारलं. "टेम्पोवाला आला की तो आत येऊन—"

मास्तर खाकरले. "पुढच्या दाराला मी आतून कडी घातली. म्हटलं आपली चर्चा चाललेली, शेजारी कशाला डोकावायला पाहिजेत."

आई खिडकीजवळ मटार सोलत बसली होती. सकाळपासून ती कुणाच्याच बाजूने बोलली नव्हती, त्यामुळे ती आपल्याच बाजूची आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाली, "चहा मघाशीच प्यायलो ते बरं झालं."

टेम्पोवाला वेळेवर आला. त्याने पुढचं दार वाजवलं, मग आवाजाच्या रोखाने फिरून खिडकीशी आला आणि गजांतून आत बघितलं. आत सहा मोठी माणसं एका बंद दाराकडे बघत होती.

"सामान कुठाय?" त्याने विचारलं.

"पॅसेजमध्ये," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"आम्ही इथे. अडकलोय."

टेम्पोवाल्याने जरा विचार केला. "हत्यारं न्यायला बोलावलं होतं ना मला? मग त्यातलं एखादं घ्या की."

"तीच बाहेर आहेत ना," दादा करवादला.

"असं होय," टेम्पोवाला म्हणाला. मग त्याने खिडकीखाली उकिडवं बसून घेतलं, कारण असं काही रोज बघायला मिळत नाही.

पहिला उपाय दादाने सुचवला. कचेरीत एकदा साहेबांची केबिन बंद झाली होती तेव्हा शिपायाने फटीत कार्ड सरकवून ती उघडली होती. दादा विम्याच्या कचेरीत मोठा अधिकारी होता आणि हाताने करायच्या कुठल्याही कामात त्याची ख्याती अशी होती की घरात त्याला बल्बसुद्धा धरायला देत नसत. त्याने बसल्या जागेवरून, न वाकता, आपलं ओळखपत्र मास्तरांना दिलं. मास्तरांनी ते फटीत घातलं आणि दाबलं. कट्‌ असा आवाज झाला.

"उघडलं?" दादाने विचारलं.

"नाही. तुमच्या फोटोचा डावा गाल आत राहिला."

"फटीच्या आतून पितळेची पट्टी मारलीय मी," आप्पा म्हणाले. "कार्डवाल्यांसाठीच."

"आधी सांगायचं ना, आप्पा."

"विचारलंत कुणी?"

मग मास्तरांनी बिजागऱ्यांकडे मोर्चा वळवला. बिजागरीची पिन खालून ठोकून वर काढली की दारच बाजूला घेता येतं, हे ते दर वर्षी नव्या मुलांना शिकवत. "फक्त ठोकायला काहीतरी पाहिजे. जड नको, छोटंसं."

चिमटी एकदम पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिला ते कुठे आहे हे चांगलं ठाऊक होतं. ती फक्त वेळ काढत होती. तिने पहिली दुरुस्ती केली ती याच खोलीत, आप्पांच्या मांडीवर बसून, एका बाहुलीच्या गळ्याची. तेव्हा हातात होती ती घड्याळजीची पितळी हातोडी, दांडा पेन्सिलीएवढा. सकाळी ट्रंक भरताना ती तिच्या हाताला लागली आणि पुढचं सगळं नकळत झालं. 'नकळत' हा शब्द तिने मनात बऱ्याचदा घोकून ठेवला होता.

"हे चालेल का बघ," तिने नवऱ्याला हातोडी दिली.

सगळ्यांनी आधी हातोडीकडे आणि मग पर्सकडे बघितलं.

"ही पर्समध्ये कशी आली?" दादाने विचारलं.

"नकळत."

"नकळत. ट्रंकेला कुलूप, किल्ली मास्तरांकडे, आणि नकळत." दादाला चेव आला. "चिमटे, ती हत्यारं आता शाळेची आहेत. गरीब पोरांची. दिलेल्या वस्तूतून मागे काढणं याला आमच्या कचेरीत काय म्हणतात माहीत आहे?"

"दादा, तू एवढा ताठ का बसलायस?"

"विषय बदलू नकोस."

"हातोडी आहे, पण टोकदार काहीतरी हवं," मास्तर बिजागरीशी वाकून म्हणाले. "पिनेखाली धरायला. एखादा दाभण, आरी, असं काही."

वहिनी खिडकीतून टेम्पोवाल्याकडे बघू लागली. टेम्पोवाला तिच्याकडे बघू लागला. मग त्याची नजर जरा वर तिच्या अंबाड्यावर गेली आणि तिथेच थांबली. "ताई," तो म्हणाला, "तुमच्या डोक्यात काहीतरी लाकडी मुठीचं दिसतंय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वहिनीने अंबाड्यातून चांभाराची आरी उपसली आणि केस पाठीवर सुटले. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मशीनचा पट्टा तुटला होता. रविवार होता, दुकानं बंद, सोमवारी कपडे द्यायचे होते. आप्पांनी जुन्या चपलेचं चामडं कापून, याच आरीने भोकं पाडून, रात्रीच्या जेवणाआधी पट्टा शिवून दिला होता. ते ती विसरली नव्हती. खुर्चीमुळे ती चिडली होती हेही खरं, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल होत्या ही तिची पंचाईत होती.

"एक खिळासुद्धा राहता कामा नये," दादाने तिचंच वाक्य म्हणून दाखवलं.

"हा खिळा नाही. आरी आहे," वहिनी म्हणाली आणि मास्तरांच्या हातात ती ठेवली.

मास्तरांनी आरी टेकवली, हातोडी उचलली आणि थांबले. पिनेचं खालचं टोक काही नीट दिसेना. त्यांनी डोळे बारीक केले. मग, सवयीच्या माणसाचा हात जसा आपोआप जातो तसा, त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि त्यांनी घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग काढून डोळ्याला लावलं. भिंग लावून झाल्यावर त्यांना आपण काय केलं ते कळलं. दुसरा डोळा त्यांनी मिटून घेतला.

"मास्तर," चिमटी म्हणाली, "हे तर तुझ्याकडेच येणार होतं. स्वतःचंच काय चोरायचं?"

"माझ्याकडे नाही, शाळेकडे," मास्तर भिंग न काढता म्हणाले. "शाळेत गेलं की त्याच्यावर नंबर पडतो. मुख्याध्यापकांची सही लागते. आप्पांनी पहिल्या भेटीत हे माझ्या डोळ्याला लावलं होतं आणि घड्याळाचं पोट दाखवलं होतं. मला ते सही करून नको होतं."

आप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"पिना वरून ठोकून बंद केल्यात," मास्तर पडत्या आवाजात म्हणाले. "निघणार नाहीत."

"बिजागरीवाल्यांसाठी," आप्पा म्हणाले.

टेम्पोवाल्याने बाहेरून मान डोलावली. "पक्कं काम आहे."

शेवटचा उपाय म्हणून दोघांनी दार उचलून धरायचं आणि तिसऱ्याने हिसका द्यायचा असं ठरलं. उचलायला दादा हवा होता. दादाने पाठीचं कारण पुन्हा सांगितलं, त्यात कमरेची भर घातली, आणि गुडघ्यावर येत होता तेवढ्यात वहिनीने त्याला दोन्ही दंडांना धरून उभा केला. स्वेटरच्या आतून काहीतरी घसरलं, त्याच्या पोटावरून खाली आलं आणि जमिनीवर आदळलं.

तो रंधा होता. लाकूड तासायचा, चांगला हातभर लांब. आपटल्यामुळे त्याच्या तोंडात अडकलेला लाकडाचा एक जुना, वळलेला छिलका बाहेर पडला आणि जमिनीवर उलगडला.

"रंधा," चिमटी म्हणाली. "अरे, निदान खिशात मावेल असं तरी घ्यायचंस."

"मला लहान वस्तूंची ओळख नाही," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला फक्त हाच चालवता यायचा. आप्पा मागे उभे राहून माझ्या हातांवर हात ठेवून ढकलायचे, म्हणून." तो पुन्हा सोफ्यावर बसला, या वेळी माणसासारखा वाकून.

आता सगळ्यांचं सगळ्यांना कळलं होतं. एका अर्थी बरं झालं. कुणाला कुणाकडे वरून बघायची सोय राहिली नाही. चिमटीला हसू आलं, मग वहिनीला आलं, आणि त्या दोघी मघाशी एकमेकींशी काय काय बोलल्या होत्या ते विसरून एकाच खुर्चीच्या हातावर रेलल्या.

"आणि आप्पा," चिमटी म्हणाली, "तुम्ही काय पळवलंत? काढा बाहेर."

"मी कशाला पळवू? दिलं ते दिलं."

"आप्पा, काढा."

आप्पांनी खिसे उलटे करून दाखवले. एकात रुमाल होता, एकात शर्टाचं तुटलेलं बटण. मग सगळ्यांचं हसू कमी कमी होत गेलं. या खोलीत रिकाम्या हाताचा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे आप्पा.

"एवढं काय कंटाळलात हो?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता.

आप्पांनी दाराच्या मुठीकडे बोट केलं. "ही मूठ गेल्या महिन्यात मीच बसवली. चांगली आवळली होती. म्हणजे मला वाटलं होतं की आवळली. नळ आवळला, आठ दिवसांत गळायला लागला. कपाटाची बिजागरी आवळली, कपाट लटकलं. कढईचा कान तर दर रविवारी. सुरुवातीला वाटलं, वस्तू जुन्या झाल्या. मग कळलं." त्यांनी आपली बोटं उघडून मिटली. "आवळलेलं बोटांना कळतं. कुठे थांबायचं ते बोटंच सांगतात. ती सांगेनाशी झाली. कमी दिसतं हे माणूस सांगू शकतो, कमी ऐकू येतं हेही सांगतो. हे कुणाला सांगायचं? खुर्चीवरून बाई पडल्या, उद्या कुणाच्या डोक्यात पंखा पडेल. म्हणून म्हटलं कंटाळा आला."

टेम्पोवाल्याने खिडकीखाली बैठक बदलली.

आईच्या हातातली शेंग अर्धी सोलून राहिली होती. तिला वाटलं होतं की हा माणूस सुनेच्या बोलण्याला वैतागून हट्टाला पेटलाय. चार दिवस रुसेल, मग उठेल. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने ती शेंग भांड्यात तशीच टाकली, सालीसकट, आणि मांडीवरचं चष्म्याचं घर उघडलं. त्यात चष्मा नव्हता. तो तिच्या नाकावर होता. चष्म्याच्या जागी एक बुटका पेचकस होता, काळ्या मुठीचा, टोक तीन कोनांचं.

"तीनकोनी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तू पण?" चिमटीने विचारलं. "आणि इतका वेळ मटार सोलत बसलीस?"

"मला कुठे घाई होती," आई म्हणाली. "दार बंद आहे तोवर ट्रंका जात नव्हत्या." मग ती आप्पांकडे वळली, आणि वळल्यावर तिला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती पेचकसाकडे बघत बोलली. "अहो, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. नळ मी सैल करते."

"काय?"

"तुम्ही झोपलात की. दुपारी. जास्त नाही, एक आटा."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"दुकान बंद केलंत आणि तुम्ही या खुर्चीत येऊन बसलात. नुसते. सकाळी बसायचात ते जेवायला उठायचात. दाढीसुद्धा दोन दिवसांनी. मग एकदा नळ खरंच गळला. तुम्ही उठलात, बाह्या वर केल्यात, तासभर खुडबुड केलीत, आणि त्या दिवशी तुम्ही दोन वेळा वाढून घेतलंत. पुढच्या आठवड्यात मी वाट बघितली. नळ काही गळेना." आईने नाक ओढलं. "मग मी गळवला."

"कपाट?" आप्पांनी विचारलं.

"मी."

"कढईचा कान?"

"मीच."

"शेगडीचं बटण?"

"मी."

"न्हाणीघरातला दिवा?"

"तो आपोआप गेला. विजेला मी हात लावत नाही."

"आणि ही मूठ?"

"बाहेरच्या मुठीचा स्क्रू मी आज सकाळी सैल केला. म्हटलं मूठ निखळेल, तुम्ही हत्यार मागाल, एक ट्रंक उघडेल. तुमची ट्रंक एकदा उघडली की बंद होत नाही, हे मला माहीत आहे. सगळे आत असताना ही दार आपटेल हे मला काय ठाऊक."

आप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू वर येत होतं, आणि दादाला ते दिसलं. पण ते अर्ध्यावरच थांबलं.

"आणि खुर्ची?" आप्पांनी विचारलं.

आईने मान हलवली. "खुर्ची नाही. माणसं बसतात त्या वस्तूच्या वाटेला मी जात नाही."

"मग खुर्ची माझी," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा मागे टेकले. "बाकीचं जाऊ दे. तो पाय कधीकाळी मीच आवळला होता. खुर्ची माझीच म्हणायची."

दादाला एकदम उकडायला लागलं. त्याने स्वेटर काढला, घडी करून मांडीवर ठेवला. या घरात एकाच गोष्टीत तो कुणाला सापडत नसे, आणि ती म्हणजे चूक कबूल करणं. पण समोर आप्पा खुर्चीत असे बसले होते, की आता गप्प राहिलो तर ते कायमचे तसेच बसतील हे त्याला दिसत होतं.

"खुर्चीला डिंक मी लावला," तो म्हणाला.

"डिंक?" वहिनीने विचारलं.

"ऑफिसातला. पाकिटं चिकटवायचा. बाटलीवर 'मजबूत' लिहिलं होतं." तो आप्पांकडे वळला. "पाय डुगडुगत होता. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही केलाच असता. मला वाटलं, एकदा आपण करून बघू. तीनकोनी मागितली असती तर तुम्ही विचारलं असतं कशाला. म्हणून स्क्रू काढले पक्कडीने, ते पुन्हा बसेनात, मग डिंक. आप्पा, मला या घरात एकदा तरी काहीतरी दुरुस्त करायचं होतं."

"आणि मला म्हणालात, आप्पांनी केली," वहिनी म्हणाली.

"तू विचारलंस, छान बसवलाय पाय, कुणी केलं? तेव्हा मला कौतुक झेपलं नाही."

वहिनीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, दाराकडे बघितलं, आणि या वेळी न आपटता गप्प बसली. मग ती आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आप्पा, माझं चुकलं. बाईंना मी सांगेन की खुर्ची माझ्या नवऱ्याने केली होती. ट्रंका आत घ्यायच्या. काय हो मास्तर?"

मास्तरांनी भिंग डोळ्यावरून काढलं. शाळेतली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"एक ट्रंक न्या," आप्पा म्हणाले. "निळी. तिच्यात प्रत्येक हत्याराचा दुसरा नग आहे. कमी पडलं तर मी येतो आणि शिकवतो, पण मुख्याध्यापकांची सही मला चालणार नाही."

मग ते उठले. उठताना त्यांनी बाह्या वर केल्या. आईने तीनकोनी पुढे केली, ती त्यांनी घेतली, दाराशी जाऊन पहिल्या स्क्रूच्या खाचेत टेकवली आणि फिरवली. सगळे बघत होते. स्क्रू जरा अडला, मग निघाला. आप्पांनी लगेच दुसरा काढला नाही. त्यांनी तोच स्क्रू पुन्हा लावला, आवळला, जिथे बोटांनी सांगितलं तिथे थांबले, आणि अंगठ्याने हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी आणखी एकदा काढून आणखी एकदा आवळला.

"आप्पा, आम्हाला बाहेर जायचंय," चिमटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायला रुमाल सापडत नव्हता, कारण पर्समध्ये हातोडीसाठी जागा करताना तिने तो काढून ठेवला होता.

पट्टी निघाली. चौकोनी भोकात वहिनीची आरी घालून आप्पांनी ती फिरवली, आणि दार मुकाट्याने उघडलं. बाहेर टेम्पोवाल्याने टाळ्या वाजवल्या. मग त्याने आत हाक मारून विचारलं की त्याच्या गाडीचा डावा आरसा कधीपासून लोंबतोय, तर आजोबा जरा बघतील का. आप्पा म्हणाले, आलोच.

दादा रंधा घेऊन ट्रंकेकडे निघाला होता. "राहू दे तो तुझ्याकडे," आप्पा त्याला म्हणाले. "रविवारी कारखान्यात ये. खुर्चीला नवा पाय करायचाय. डिंक आणू नकोस."

सगळे पॅसेजमध्ये ट्रंका ओढायला गेले, आणि खोलीत दोघंच राहिली. आप्पांनी पडलेली मूठ उचलून आणली, तिच्यातल्या स्क्रूची खाच उजेडात धरून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं?" आईने विचारलं.

"खाच खराब केलीस. तू नुसती फिरवतेस. आधी वरून दाब द्यायचा, मग फिरवायचं. असं." त्यांनी तिच्या हातात पेचकस दिला, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून दाखवलं. मग हात काढून घेतला, पेचकस मात्र घेतला नाही.

"ठेव तुझ्याकडेच," ते म्हणाले. "पण नळ आता पुरे. मला नळाचा खरंच कंटाळा आलाय. काहीतरी अवघड काढ."

ते आरसा बघायला बाहेर गेले. आईने तीनकोनी चष्म्याच्या घरात ठेवली, घर मिटलं, मटारचं भांडं काखेत घेतलं. निघताना ती भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली जरा थांबली, आणि तिथवर हात पोचायला कोणतं स्टूल लागेल त्याचा अंदाज घेऊ लागली.